उतारावरची खुर्ची

तीर्थरूप ताईस,

शेंडेफळाचा वाकून नमस्कार. (वाकायचं हल्ली मला काही वाटत नाही. दिवसभर जमिनीवरचे केस गोळा करून कंबरेला सवय झाली आहे.) इकडे सगळं क्षेम आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो, कितपत क्षेम आहे ते पुढे कळेलच. तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला? ते अजून जेवताना बातम्या ऐकतात आणि मग जेवणावर आणि बातम्यांवर सारखेच रागावतात का? आणि तुझे केस कसे आहेत? तब्येत चांगली असली की केसही चांगले असतात असं आमच्या मॅडम सांगतात, म्हणून विचारलं. गळत नाहीत ना? अजून कमरेच्या खाली येतात ना? पिकले असतील तरी हरकत नाही. (म्हणजे माझी कसली हरकत असणार म्हणा, सहज लिहिलं.)

मॅडम कोण, असं तू विचारशील. मागे फोनवर तू म्हणालीस, निवृत्त झालास, आता करतोस काय, आणि मी 'काही नाही, जरा शिकतोय' असं म्हणून घाईघाईने फोन ठेवला. तुला वाटलं असेल की मी संगणक शिकतोय किंवा पेटी. ताई, मी बायकांचे केस कापायला शिकतो आहे. बसून वाचत असशील तर बरं, उभी असशील तर आधी बस.

झालं असं, की तुझ्या भावजयीचा उजवा अंगठा कामातून गेला. इतकी वर्षं दुकानात बायकांच्या केसांवर कात्री चालवून सांध्याची झीज झाली, आणि डॉक्टरांनी सांगितलं की आता कात्री बंद, नाहीतर पुढे घासही उचलता येणार नाही. त्याच सुमारास वरून नवा नियम आला, की दुकानात शिकलेला, परीक्षा पास झालेला एक तरी माणूस हवा आणि त्याचं प्रमाणपत्र भिंतीवर हवं, नाहीतर दुकान बंद. आता ही शिकली तिच्या मावशीकडे. मावशीने तिला प्रमाणपत्र दिलं नाही, टपल्या दिल्या, आणि टपल्या भिंतीवर लावता येत नाहीत. दुकान बंद होणार म्हटल्यावरही ती फक्त सकाळी उठून नेहमीप्रमाणे दुकान उघडायची, आरसे पुसायची आणि रिकाम्या खुर्चीशेजारी उभी राहायची. मला ते बघवेना. मुळात निवृत्तीनंतर माझ्या पायाला भिंगरी लागलेली. या खोलीतून त्या खोलीत, तिथून गॅलरीत, गॅलरीतून खाली, आणि खाली का आलो ते आठवेना म्हणून परत वर. एके दिवशी असाच खाली गेलो तो थेट केशकर्तनाच्या वर्गात नाव घालून आलो. हिला सांगितलं तेव्हा तिने माझ्याकडे नाही, माझ्या हातांकडे बघितलं, आणि भाजी चिरायला बसली.

वर्गात मी एकटा पुरुष आणि एकटाच चष्मेवाला. बाकी सगळ्या मुली. मॅडम आमच्या लेकीपेक्षाही लहान असतील, पण शिकवतात झकास. पहिल्याच दिवशी त्यांनी फळ्यावर डोकं काढलं, त्यावर रेषा मारल्या आणि म्हणाल्या, बट पंचेचाळीस अंशात उचलायची. ताई, मला भरून आलं. सगळा जन्म पाणीखात्यात बसून नळांचे आणि गटारांचे नकाशे काढले. मला वाटलं होतं की अंश, कोन आणि उतार आपल्या आयुष्यातून गेले ते गेलेच. मी त्याच संध्याकाळी टी-स्क्वेअर माळ्यावरून काढला आणि मोठ्या कागदावर मानवी डोक्याचे तीन नकाशे काढले, वरून, समोरून आणि मधोमध कापून. (कापलेल्या डोक्यात काय दाखवायचं ते न सुचल्याने तिथे नुसत्या तिरप्या रेषा मारल्या. ही म्हणाली, अगदी बरोबर आलंय.) मॅडमनी ते नकाशे वर्गात लावले. लेखी चाचणीत मी पहिला आलो. वर्गातल्या पुतळ्याच्या डोक्यावर तर असे केस कापले, की मुलींनी फोटो काढले. पुतळा ही फार गुणी बाई. ती श्वास घेत नाही, मान वळवत नाही, 'जरा कमीच ठेवा' म्हणत नाही.

घरी मात्र घोडं अडलं. मी हिला म्हणालो, तू शिकव. ती म्हणाली, शिकवायचं काय त्यात, असं धरायचं आणि असं कापायचं. मी विचारलं, असं म्हणजे कसं. ती म्हणाली, असं. मी कोनमापक आणला तर तिने तो उचलून फळीवर ठेवला. तिला येतं सगळं, पण काय येतं ते तिला सांगता येत नाही. आणि मॅडमना सांगता येतं सगळं, पण त्यांचं सांगणं पुतळ्याच्या मानेपर्यंत येऊन थांबतं. मी दिवसा एकीकडून ऐकायचं आणि संध्याकाळी दुसरीकडून, आणि कात्री हातात घेतली की दोघी एकदम बोलायला लागायच्या. माझ्या डोक्यात नुसती चकमक. (मध्येच उठलो होतो. गॅलरीत जाऊन आलो. खालून एक बाई चालली होती, तिच्या केसांना मागे डावीकडे फाटे फुटले आहेत. हल्ली मला माणसांचे चेहरे दिसतच नाहीत. परवा रस्त्यात मला कोणीतरी नमस्कार केला, मी ओळखलं नाही. ती व्यक्ती पाठ फिरवून गेली तेव्हा कळलं, आपल्या शेजारीण बाई.)

पुढची अडचण डोक्यांची. आमच्या वर्गात रीत अशी, की सरावाला ज्याने त्याने आपलं डोकं आणायचं. 'उद्या प्रत्येकाने आपापलं डोकं घेऊन या' असं मॅडम रोज सांगतात आणि मुली आपल्या बहिणी, मैत्रिणी, काकवा घेऊन येतात. मी पहिल्यांदा समोरच्या शिंप्याला नेलं. आम्ही बायकांचे केस शिकतो, पण त्याचे केस मानेवर रुळणारे, म्हटलं चालतील. त्याने माझ्यावर विश्वास टाकला. त्यानंतर भर उन्हाळ्यात तो मशीनवर लोकरीची टोपी घालून बसू लागला आणि गिऱ्हाइकांनी विचारलं की माझ्या खिडकीकडे बोट दाखवू लागला. मग शेजारीण बाई, मग त्यांची जाऊ, मग दूधवाल्याची बायको. आता गल्लीत मी दिसलो की बायका डोक्यावरून पदर घेतात, आणि तो काही मानाने घेत नाहीत.

तरीही सगळं रेटत चाललं असतं. पण बँकेतल्या बाईंचं प्रकरण घडलं, आणि ते नीट सांगितल्याशिवाय माझं पुढे चालणार नाही.

बँकेतल्या बाई म्हणजे आमच्या दुकानाचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. ही बाजारात गेली होती, मी एकटा. त्या आल्या, म्हणाल्या, कपाळावरचे केस तेवढे सरळ करून द्या, भुवयांच्या जरा वर. कपाळावर झालर असते ती. सरळ करून द्या म्हटल्यावर मला आनंद झाला, कारण सरळ म्हणजे काय हे ज्याला ठाऊक आहे असा गल्लीत मी एकटाच आहे. मी त्यांना खुर्चीत बसवलं, मान मागे टेकवली, टॉवेल घातला. पंखा चालू होता, बाई दमलेल्या होत्या, त्यांचा डोळा लागला. मी पाणसळ आणली. (गवंडी वापरतात ती, काचेच्या नळीत पाणी आणि पाण्यात बुडबुडा. बुडबुडा मधोमध आला की रेषा आडवी. पाणीखात्यातून निरोपाच्या दिवशी मला हीच मिळाली होती.) ती त्यांच्या कपाळाशी हलकेच धरली, बुडबुडा मधोमध आणला, पट्टी लावावी तशी तिच्या कडेने कात्री चालवली. इतकी सरळ रेषा या शहरात कोणाच्या कपाळावर नसेल. मी दोन पावलं मागे जाऊन बघितलं आणि मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

बाई जाग्या झाल्या आणि उभ्या राहिल्या. त्या उभ्या राहिल्या तशी ती रेषाही उठली आणि तिरपी झाली. डावीकडे झालर भुवईवर, उजवीकडे जवळजवळ भांगात. बाई आरशात बघत राहिल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या शांतपणे म्हणाल्या, "हे असंच ठेवायचंय का?"

आता ऐक, ताई. दुकानाची जमीन एका बाजूला उतरती आहे. केस धुतलेलं पाणी साचू नये, मोरीकडे जावं म्हणून उतार दिलेला आहे, आणि तो उतार, हसू नकोस, मीच दिलेला आहे. दुकान बांधलं तेव्हा गवंड्याच्या उरावर बसून मीच तो करून घेतला होता. मग खुर्ची इतकी वर्षं सरळ कशी होती? तर हिने खुर्चीच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवून ठेवली होती. कधी ठेवली ते तिलाही आठवत नाही. आणि आदल्याच आठवड्यात मॅडमनी स्वच्छतेवर तास घेतला होता, म्हणून मी दुकान आवरायला काढलं, तेव्हा ती काळी पडलेली, केस चिकटलेली घडी ओढून काढली आणि केराच्या टोपलीत टाकली. ज्याने उतार दिला तो उतार विसरला, जिने पुठ्ठा दिला ती पुठ्ठा विसरली, आणि बाई कलत्या खुर्चीत कलती मान ठेवून झोपल्या. पाणसळीच्या हिशेबाने माझी रेषा बिनचूक होती. फक्त ती बाईंच्या चेहऱ्यावर होती.

तेवढ्यात ही आली. पिशवी खाली ठेवली, माझ्या हातातून कात्री घेतली. बाईंना परत बसवलं नाही, उभ्यानेच, त्यांच्या डोळ्यांकडे बघत, चार-दोन ठिकाणी टोकं उडवली. झालर जरा वर गेली, पण चेहरा चेहऱ्यासारखा झाला. बाई हसून गेल्या. संध्याकाळी हिचा अंगठा टम्म सुजला. मी शेक देत बसलो आणि म्हणालो की पुरे झालं, मी उद्या नाव काढून टाकतो, दुकानही बंद करू, दोघंही गॅलरीत बसू. ताई, मला तेव्हा खरंच रडू आलं. पुतळ्याचे केस झकास कापणारा माणूस मी, आणि माझ्यापायी तिचा हात गेला.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्यावर ती स्वतः त्या खुर्चीत जाऊन बसली. अंबाडा सोडला. मावशी गेल्यापासून तिच्या केसांना कोणी कात्री लावलेली नाही, ती स्वतःही नाही. मी म्हणालो, काय करू. ती म्हणाली, "मला सांगता येत नाही हे तुम्हाला माहीत आहे. तुम्ही कापत चला. चुकायला लागलात की मी मान हलवीन."

आणि डोळे मिटले. पाणसळ तिने आधीच कुठेतरी लपवून ठेवली होती. मी पंचेचाळीस अंश आठवायला गेलो तर आठवेनात. मग मी तिच्या मानेकडे बघत कापत राहिलो. आता हलेल, मग हलेल. इतकं लक्ष देऊन मी तिच्याकडे लग्नातसुद्धा बघितलं नव्हतं. (तिला कळवू नकोस.) मान हलली नाही. तिला वाटेतच झोप लागली असावी असंही मला वाटलं. कापून झालं, तिने डोळे उघडले, आरशात बघितलं. मग म्हणाली, "झाडून घ्या."

एवढंच. चांगलं झालं, वाईट झालं, काही नाही. तेव्हापासून माझा जीव टांगणीला लागला आहे. मी मुद्दाम तिच्या मागे मागे फिरतो, बाजूने बघतो, स्वयंपाकघरात पाणी प्यायच्या निमित्ताने जाऊन मागून बघतो. मला कधी वाटतं चांगलं झालंय, कधी वाटतं ती दुःख गिळून बसली आहे. मॅडम निदान गुण देतात. हिच्या शाळेत निकालच लागत नाही.

आणि आता परीक्षा तोंडावर आली आहे, येत्या शुक्रवारी. तिथेही डोकं आपलं आपणच न्यायचं. त्याचे नियम कडक आहेत: केस खांद्याच्या बरेच खाली हवेत, रंगवलेले नकोत, आणि परीक्षार्थीने त्या डोक्याला आधी कधी कात्री लावलेली नसावी. गल्लीत असं एकही डोकं उरलेलं नाही. बँकेतल्या बाईंनी त्यांच्या भाचीला आमच्या बाजूला येऊच नकोस असं सांगितल्याचं कळतं. पण तू काळजी करू नकोस, होईल काहीतरी.

परीक्षेत पहिला भाग वेणीचा असतो. त्याची मला धास्ती नाही. वर्गात पहिल्या दिवशी मॅडमनी सगळ्यांना पुतळ्याची वेणी घालायला सांगितली, तेव्हा माझे हात आपोआप चालू लागले. मॅडम जवळ येऊन म्हणाल्या, काका, पुटपुटताय काय? मी सातचा पाढा म्हणत होतो. मग मला आठवलं. शाळेला उशीर झाला की तू अर्धी वेणी स्वतः घालायचीस आणि खालची अर्धी माझ्या हातात देऊन चपला शोधत घरभर फिरायचीस. मी वेणी घालत तुझ्या मागे मागे, आणि तू पुढून पाढा म्हणवून घ्यायचीस. पाढा चुकला की वेणी उसवायची आणि पुन्हा पहिल्यापासून. मी इतकी वर्षं समजत होतो की तू मला पाढे शिकवलेस. वेणी शिकवते आहेस हे तुला ठाऊक नव्हतं, आणि मी शिकतो आहे हे मला. मॅडमनी विचारलं, कुठे शिकलात? मी म्हणालो, कुठेच नाही. ते खोटं होतं, म्हणून घरी येऊन लगेच तुला पत्र लिहायचं ठरवलं होतं, ते आज लिहितो आहे. (तेव्हा लिहायला बसलोही होतो, पण पायाची भिंगरी बसू देईना.)

भाऊजींना नमस्कार. नातवंडांना आशीर्वाद, त्यांचे केस कसे आहेत तेही कळव. पत्राला उत्तर न देता स्वतःच आलीस तर सगळ्यात उत्तम.

तुझा,
पाढ्यांत कच्चा धाकटा

ता. क. स्वतःच आलीस तर, असं वर लिहिलंय ते शुक्रवारच्या आत. गाडीवर घ्यायला मी येतो. तुला खूप दिवसांत भेटलो नाही, हे मुख्य कारण. वेणीच्या टोकाला फाटे फुटले असतील तर जाता जाता तेही बघून देईन, वीतभर फार तर.

आणखी एक ता. क. वीतभर लिहिलं, पण तुझ्याशी आडून बोलणं मला कधी जमलं नाही. परीक्षेत केस खांद्यापर्यंत कापायचे असा नियम आहे. मला माहीत आहे की तू त्या वेणीला भाऊजींनासुद्धा हात लावू देत नाहीस. नाही म्हणालीस तर मी रागावणार नाही. पण नाही म्हणायला तरी ये. आणि आलीस की हिच्या केसांकडे एकदा नीट बघ आणि मला खरं काय ते सांग. पास-नापास राहू दे, ते कळल्याशिवाय माझा पाय एका जागी ठरायचा नाही.

वन्संना माझा नमस्कार. हे कात्रीला धार लावायला गेलेत, तेवढ्यात डाव्या हाताने लिहिते आहे, अक्षर समजून घ्या. पाकीट मीच बंद करून टाकणार आहे, ह्यांना वाचायला मिळायचं नाही. मला झोप वगैरे लागलेली नव्हती. मागच्या बाजूला एका ठिकाणी हे चुकायला लागले होते, मला कात्रीच्या आवाजावरूनच कळलं. मान हलवणार होते, पण हलवली नाही. थोडा वेळ कात्री थांबली, मग ह्यांनी आपणहून वळवून घेतलं. असं वळवून घेणं मावशीने मला शिकवलं नव्हतं. ह्यांना मी अजून बोलले नाही. आत्ता बोलले तर पुन्हा पाणसळ शोधायला लागतील. परीक्षा झाली की सांगीन. पुठ्ठा परत खुर्चीखाली घातलाय. तुम्ही या. डोकं बिनघोर द्या, मी दिलंय.